सहा वर्षं मुंबईत राहून कुणाला बघितलं?

मंडळी, पोस्ट लांबली आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

परवा आपल्याकडं एका नव्या शोरूमच्या उद्घाटनाला मालिकेतली एक अभिनेत्री आली होती. येणार होती अकराला, आली अडीचला. तोवर रस्ता तुंबला. पंढरपूरकडं जाणाऱ्या एसट्या, उसाचे ट्रॅक्टर, शाळेची पोरं, सगळं एका जागी. ती आली, फीत कापली, माईकवर "काय मोहोळकर, कसे आहात?" म्हणाली, आणि वीस मिनिटांत गाडीत बसून सोलापूरच्या दिशेनं गेली. माझ्या शेजारचा बारावीतला पोरगा तीन तास उन्हात उभा होता. संध्याकाळी त्यानं मला फोटो दाखवला. फोटोत दीडएकशे वर केलेले हात, हातांत फोन, आणि लांब एका गाडीचा टप.

तो म्हणाला, "काका, तुमची तर मज्जा होती. सहा वर्षं मुंबईत होता. कुणाकुणाला बघितलं?"

मी म्हणालो, "कुणालाच नाही."

त्याला ते पटलं नाही. मुंबईत राहायचं आणि हिरो दिसायचा नाही, म्हणजे पंढरपुरात राहून इठोबाला न जाण्यासारखं. पण खरंच आहे ते. आणि का नाही दिसला, ते त्याला दोन वाक्यांत सांगता येईना म्हणून इथं लिहितोय.

सुरुवात जरा मागून करतो. आमच्या आजीच्या काळात कलावंताला बघायला कुठं जावं लागत नव्हतं. कलावंतच यायचा. यात्रेला तमाशाचा फड यायचा, गावाबाहेर राहुट्या पडायच्या, आणि रात्री ज्या बाईनं गाव डोक्यावर घेतलं ती सकाळी गावच्याच विहिरीवर धुणं धूत असायची. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जिच्या नावाचा दबदबा अख्ख्या महाराष्ट्रात होता, तिचा जन्म आपल्या पंढरपुरातला. मोडनिंबच्या बाऱ्या तर आपल्या शेजारच्याच. नाटक कंपन्यांचंही तसंच. बालगंधर्वांचं बिऱ्हाड रेल्वेनं गावोगाव फिरायचं. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं, त्या तिकिटांच्या दरांच्या कथा लोक अजून सांगतात. पण हेच गंधर्व एरवी सोलापुरातही यायचे, मुक्काम करायचे. मोठा माणूस दिसायचा. घाम आलेला दिसायचा. सर्दी झालेली कळायची.

सिनेमानं हे उलटं केलं. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली, ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन थेटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तिथून पुढं चित्र डब्यात बसून गावाला यायला लागलं आणि माणूस मुंबईतच राहिला. नागनाथाच्या यात्रेत तंबू लागायचा, त्यात दिलीपकुमार पंधरा फूट उंच दिसायचा, पण विहिरीवर कुणी दिसायचं नाही. ज्याला तो खराखुरा बघायचा असेल त्यानं गाडी पकडून मुंबईला जावं. माझ्या मते आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यातली मुंबई इथं तयार झाली. पगाराची मुंबई आधीची. ही दुसरी, बघायची मुंबई.

काही जण बघायला नाही, दिसायला गेले. आपल्या सोलापूरच्या शशिकला जवळकर. १९३२ चा जन्म. वडिलांचा धंदा बसला, घर रस्त्यावर आलं, म्हणून कुटुंब मुंबईला गेलं. लहानपणी लोकांच्या घरची कामं करत करत ही पोर स्टुडिओच्या दारोदार हिंडली. नूरजहाँच्या नजरेत आली, आणि १९४५ च्या 'झीनत'मध्ये कव्वालीत बसायला मिळालं. मजुरी पंचवीस रुपये. पुढं 'आरती' आणि 'गुमराह'साठी फिल्मफेअर. पडद्यावर भांडकुदळ, खाष्ट बाई म्हटलं की शशिकला. आपल्या आयाबहिणींनी तिला पोटभर शिव्या घातल्या, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. मी मुंबईत लालबागला राहिलो. गिरणगाव. तिथून जुहू-वांद्रं लांब, म्हणून हिरो दिसत नाहीत, असं आम्ही समजायचो. पण सिनेमाची मुंबई आधी गिरणगावातच होती. चंदुलाल शहांचा रणजीत स्टुडिओ दादरला. हंटरवाली नादियाचे पिक्चर काढणाऱ्या वाडियांचा स्टुडिओ परळला. त्याच जागेत १९४२ ला व्ही. शांतारामांनी राजकमल उभारलं. एका बाजूला गिरणीची चिमणी, दुसऱ्या बाजूला राजकमलचं फाटक. पृथ्वीराज कपूर माटुंग्याला राहायचे. म्हणजे चाळिसाच्या दशकात गिरणीची पाळी सुटल्यावर कामगार चालत चालत स्टुडिओच्या फाटकावर जाऊ शकत होता. नट आणि बदली कामगार एकाच ट्रामनं गेले असतील तर नवल नाही.

मग पैसा आला आणि मंडळी वर सरकली. १९३४ लाच बॉम्बे टॉकीज मालाडला गेलं होतं, १९४३ ला फिल्मिस्तान गोरेगावात, १९५४ ला मेहबूब स्टुडिओ वांद्र्याला. त्यामागं बंगले. पाली हिल, कार्टर रोड, जुहू. १९७७ ला गोरेगावची चित्रनगरी सुरू झाली आणि शूटिंग डोंगराआड गेलं. सिनेमा गिरणगावातून उठला आणि गिरणगावाला कळलं नाही, कारण तिकिटाची खिडकी होती तिथंच होती. भारतमाताला रांग होतीच.

आता तात्याचं सांगतो.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. वयानं वडीलधारे, पण आमच्यात तात्याला अरे-तुरेच. बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडची माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. तात्या एक महिना खडीवर गेला आणि मग कुर्डुवाडीहून रात्रीची गाडी धरून मुंबईला पळाला. आपल्या भागातला माणूस आधी सोलापूरच्या गिरण्यांत बघायचा. पण तिथं आधीच माणसं जास्त झाली होती. मुंबईत एका गिरणीत साचेखात्यात बदली म्हणून लागला. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायमचा माणूस आला नाही तर आत, आला तर परत खोलीवर. सहा वर्षांनी कायम झाला. लालबागच्या एका खोलीत बारा जण राहायचे, निम्मे दिवसपाळीचे, निम्मे रातपाळीचे, म्हणून मावायचे. जेवण खानावळीत. महिन्याला आमच्या घरी मनीऑर्डर.

तात्याला सिनेमाचं वेड. आणि त्या वर्षांतले पिक्चरही बघा कसले. १९७३ चा 'नमकहराम', गिरणी-कारखान्यातल्या कामगारांचा. १९७५ चा 'दीवार', अमिताभ गोदीतला हमाल. तात्या म्हणायचा, "पहिल्यांदा असं वाटलं की हा आपल्या खोलीतला तेरावा." पडद्यावर हिरो कामगार होता. खाली बसलेला कामगार होता. दोघांची गाठ पडेल असं वाटण्यासारखी ती वर्षं होती.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा बेमुदत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पहिल्या महिन्यात खोलीत उत्साह होता. फेब्रुवारीपासून आमच्या घरी मनीऑर्डर थांबली. एप्रिलला तात्याच्या खोलीतले चार जण गावाला निघून गेले. खानावळवाल्या बाईनं जूनपर्यंत उधारीवर जेवायला घातलं, पुढं तिचंच चालेना. तात्या टिकून राहिला. कधी भायखळ्याला भाजीच्या पाट्या उचलायच्या, कधी नुसतं गेटवर जाऊन बसायचं. भोंगा बंद होता. तो सांगतो, सगळ्यात वाईट ते होतं. सकाळी भोंग्याशिवाय जाग यायची आणि काही करायचं नसायचं.

त्याच जुलैत बंगळुरात 'कुली'च्या शूटिंगला अमिताभच्या पोटात मार लागला. त्याला मुंबईत ब्रीच कँडी हॉस्पिटलात आणलं. २ ऑगस्टला तर गेलाच होता म्हणतात, डॉक्टरांनी परत आणला. देशभर नवस, उपवास, यज्ञ. आणि हॉस्पिटलच्या बाहेर रस्त्यावर माणसं.

त्या माणसांत तात्या होता. लालबागहून सात रस्ता, तिथून हाजीअली, पुढं ब्रीच कँडी. चालत. किती दिवस गेला विचारलं तर म्हणतो, "धा-बारा दिस तरी. काम काय हुतं दुसरं?" तिथं गिरणीतली बरीच ओळखीची तोंडं भेटायची. संपाची बातमी तिथंच कळायची, कुठल्या गिरणीत किती माणसं आत गेली, कोण फुटलं. समुद्राचा वारा लागायचा. कुणी श्रीमंत माणूस देवाच्या नावानं केळी वाटायचा, त्यात जेवण भागायचं. हे मला तात्यानं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही.

पंतप्रधान इंदिरा गांधी त्या हॉस्पिटलात येऊन गेल्या. त्यांच्या कुटुंबाचा आणि बच्चन कुटुंबाचा घरोबा होता, त्यात गैर काही नाही, माणूस माणसाला बघायला जातोच. पण ब्रीच कँडीपासून गिरणगाव पाच-सहा किलोमीटर. तिथं अडीच लाख घरांत चूल पेटत नव्हती आणि सरकारनं संपापुढं वाकायचं नाही असं ठरवलेलं होतं. १८ ऑगस्टला मुंबईत पोलिसांचं बंड झालं, गिरणगाव पेटलं, लष्कर बोलवावं लागलं. एकाच शहरात, एकाच महिन्यात हे सगळं. त्या दिवसांतलं लोकांना विचारा. अमिताभ वाचला हे शंभरातल्या शंभरांना आठवतं.

आणि मी तरी कुठं वेगळा होतो? तेव्हा मी इथं मोहोळात, वय तेरा. आम्ही पोरांनी वर्गणी काढून नागनाथाला नारळ फोडला, अमिताभ वाचू दे म्हणून. आमच्या घरात सहा महिने मनीऑर्डर आली नव्हती. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. तात्याच्या संपासाठी नारळ फोडावा हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस अमिताभ घरी गेला. तात्याला तो दिसला नाही. गाडी गेली, लोक ओरडले, एवढंच. दिवाळीला तात्या गावाला आला. संप कधी मिटला म्हणून विचारू नका, तो अधिकृतपणे कधी मागं घेतलाच गेला नाही. नुसता विरला. गिरण्यांनी हव्या तेवढ्याच माणसांना परत घेतलं. तात्या त्यात नव्हता. पुढच्या डिसेंबरात 'कुली' लागला. मार लागतो त्या जागी पिक्चर थांबवून दाखवलंय की इथं लागलं. तात्यानं सोलापूरला भागवतमध्ये तो बघितला. उसनं पाच रुपये घेऊन. आजोबा महिनाभर बोलले नाहीत त्याच्याशी.

मग तात्या परत मुंबईला गेला आणि वॉचमन झाला. गिरणीतून सुटलेली किती माणसं वॉचमन झाली याचा हिशेब कुणी धरला असेल तर मला वाचायला आवडेल. वांद्र्याची एक इमारत. त्यात सिनेमातलं एक मोठं नाव राहायचं. कोण ते इथं लिहीत नाही. तात्यानं नऊ वर्षं त्या गाडीला गेट उघडलं.

१९८६ ला मी मुंबईला गेलो, एका खाजगी कंपनीत कारकून. राहायला तात्याच्या लालबागच्याच खोलीत. आता तिथं बाराच्या जागी पाच माणसं होती. गेल्या गेल्या पहिल्याच रात्री मी विचारलं, "तात्या, तो दिसायला कसाय?"

"गाडी पांढरी हाय," तात्या म्हणाला.

"गाडी नाही, माणूस."

"काचा काळ्या असत्यात."

नऊ वर्षांत काच खाली झाली ती दिवाळीच्या पाकिटाला, आणि तेव्हाही हात बाहेर आला तो ड्रायव्हरचा.

पण मी तरुण होतो, मला स्वतःला बघायचं होतं. तेव्हा 'रसरंग', 'चंदेरी' वाचून पत्ते पाठ झालेले. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं-चौघं निघायचो. कार्टर रोडला राजेश खन्नाचा 'आशीर्वाद'. तिथं एके काळी पोरींची झुंबड असायची म्हणे, आम्ही गेलो तेव्हा फाटकावर एक कुत्रं आणि आम्ही. चेंबूरला आर. के. स्टुडिओच्या गणपतीची मिरवणूक, तिथं चेंगरून माझी एक चप्पल गेली. आणि रविवारी जुहूला 'प्रतीक्षा'. अमिताभ रविवारी बाहेर येऊन लोकांना हात दाखवायचा, ते दुखण्यातनं उठल्यापासून सुरू झालेलं. मी पाच रविवार गेलो. चार वेळा तो शूटिंगला बाहेर. पाचव्या वेळी फाटक उघडलं, गर्दी पुढं सरकली आणि माझी उंची पाच फूट चार इंच. मला समोरच्याची मान दिसली. शेजारचा बिहारी मजूर पोरगा रडत होता, "देख लिया, देख लिया" म्हणत. मी त्यालाच बघत राहिलो. माझं दर्शन ते.

१९७१ ला हृषीकेश मुखर्जींनी 'गुड्डी' काढला होता, धर्मेंद्रच्या नादी लागलेल्या शाळकरी पोरीचा. पडद्यामागं काय असतं ते दाखवून तिचं वेड उतरवतात. चांगलाय पिक्चर. पण त्या पोरीला निदान स्टुडिओत आत नेतात, धर्मेंद्रशी बोलायला मिळतं. वेड उतरायलाही ओळख लागते. आम्हाला फाटकाच्या आत कोण घेणार?

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो.

ज्या रविवारी आम्ही लालबागहून दादरला जायचो आणि तिथं पश्चिम रेल्वे धरून जुहूच्या नादानं निघायचो, त्या प्रत्येक रविवारी आम्ही एका माणसाला ओलांडून जात होतो. भगवानदादा. भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराच्या घरातला पोरगा, स्वतः मजुरी केलेला. कुस्तीचा नाद, मारामारीचे स्वस्त पिक्चर काढता काढता १९५१ ला 'अलबेला' काढला. गीता बाली बरोबर, सी. रामचंद्रांचं संगीत. तुफान चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या. मग पुढचे पिक्चर पडले, पैसा बुडाला, बंगला गेला, गाड्या गेल्या आणि माणूस दादरच्या चाळीत दोन खोल्यांत परत आला. २००२ च्या फेब्रुवारीत तिथंच वारला. १९८६ ते ९२, मी मुंबईत होतो ती सगळी वर्षं तो तिथं होता. दार उघडं. कुणीही जावं, दादा म्हणावं, बसावं.

आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

आणि गंमत बघा. कमरेतनं किंचित वाकून, हात सोडून, जागच्या जागी ठुमकत नाचायची जी तऱ्हा अमिताभची म्हणून आम्ही वरातीत करायचो, ती मूळ भगवानदादाची. नंतरच्या नटांनी ती त्याच्यावरून उचलली, हे सिनेमातले सगळे मान्य करतात. म्हणजे आम्ही नाच बघायला जुहूला चाललो होतो आणि नाचाचा मालक दादरला खाटेवर बसलेला. पण तो चाळीत राहत होता ना. चाळीत तर आम्हीही राहत होतो. आमच्यासारखा राहतो तो हिरो कसला? ही आमची नजर. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. अमिताभ दिसला नाही त्याचं आता काही वाटत नाही.

९२ ला मी गाव गाठलं. तात्या ९४ ला आला, गुडघे गेले म्हणून. त्यानंतर एकदा, दहाएक वर्षांपूर्वी, त्याच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही दोघं मुंबईला गेलो. तो म्हणाला गिरणगाव बघू. लोअर परळला उतरलो. फिनिक्स मिलच्या जागी मॉल. कमला मिलच्या आवारात हाटेलं आणि ऑफिसं. एका हाटेलाबाहेर पंधरा-वीस फोटोग्राफर उभे, कुणीतरी नटी आत जेवायला गेली होती. म्हणजे सिनेमावाले गिरणगावात परत आले. कामगार गेल्यावर. तात्यानं फोटोग्राफरांकडं बघितलं, मग वर चिमणीकडं. एक चिमणी ठेवली आहे शोभेला. "चला, पाणी पिऊ कुठंतरी," म्हणाला. आत पाण्याची बाटली साठ रुपयाला होती. नाही घेतली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यानं अर्ज भरलेला आहे. सोडती २०१२ पासून निघतायत. त्याचा नंबर लागलेला नाही. आता तो शहात्तर वर्षांचा आहे.

शेजारच्या पोराला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "पण आता तर आपल्याकडंच स्टार आहेत की." बरोबर बोलला. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला आणि पहिल्यांदा गाड्या उलट्या धावल्या. पुण्या-मुंबईची माणसं करमाळा तालुक्यात येऊन वठलेल्या झाडापाशी फोटो काढू लागली. अकलूजच्या पोरीला बघायला एवढी गर्दी व्हायला लागली की रिंकूला रोजची शाळा सोडून दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली. आपल्यातल्याच लोकांनी तिच्या घराबाहेर ठाण मांडलं होतं. आम्ही 'प्रतीक्षा'बाहेर मांडायचो तसंच. शाळेला जाणाऱ्या पोरीला शाळेत जाऊ दिलं नाही, हे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं नसणार, कारण गर्दीत प्रत्येक जण एकटाच आलेला असतो. २०१७ ला शाहरुखची रेल्वे बडोद्याला थांबली तेव्हा फलाटावरच्या गर्दीत एक माणूस दगावला. ४ डिसेंबर २०२४ ला हैदराबादला 'पुष्पा २'च्या खेळाला अल्लू अर्जुन आला, चेंगराचेंगरीत एक बाई गेली, तिचा मुलगा जखमी झाला. ती आपल्या पोराला हिरो दाखवायला घेऊन आली होती. हैदराबाद आपल्याला फार लांब नाही.

म्हणून परवाचं सांगतो, राग मानू नका. ज्यांनी उद्घाटन केलं त्यांचा धंदा वाढो. पाहुणीलाही दोष नाही, तिनं बोललेलं काम केलं. पण रस्त्यावर दोरी नव्हती, रुग्णवाहिकेला वाट नव्हती, स्टेजच्या बाजूनं उघडं गटार होतं आणि पुढच्या रांगेत लहान पोरं. काही झालं नाही, कारण नशीब. पुढच्या वेळी परवानगी देणाऱ्यांनी आणि मागणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. दहीहंडी लांब नाही.

आणि एक विनंती. कामती, कुरूल, पेनूर, नरखेड, अनगर, शेटफळ, कुठल्याही गावचे असा, ज्यांच्या घरातलं कुणी मुंबईच्या गिरणीत होतं त्यांनी नाव, गिरणी आणि खातं लिहून ठेवा. आपल्या तालुक्यातून किती माणसं गेली याची यादी कुठंच नाही.

दोनेक वर्षांपूर्वी एका रात्री तात्याला मी फोनवर 'झुंड' लावून दिला. अमिताभ, आता दाढी पांढरी, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवतोय. तात्या बराच वेळ गप्प बघत होता. मग म्हणाला, "ह्येला हितं हुबा ऱ्हा, हिकडं बघ, असं कोण सांगतंय?"

मी म्हणालो, "डायरेक्टर. नागराज मंजुळे. जेऊरचा."

"जेऊर? कुर्डुवाडीच्या पल्याडलं? रातच्या गाडीला लागतंय त्ये?"

"तेच."

तात्यानं चष्मा पुसला. "आवाज वाढीव," म्हणाला.